शेगडी निवडायला गेले, वायर बदलून आले

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. सकाळचा स्वयंपाक उरकून मी हॉलमध्ये टेकले होते, तेवढ्यात आतून सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज आला. दिवाळी तोंडावर होती, म्हणून पहिला संशय शेजारच्या पोरांवर गेला. जाऊन बघते तर आमच्या तीन बर्नरच्या गॅस शेगडीची वरची काच साबुदाण्याएवढ्या तुकड्यांत ओटाभर पसरलेली. गॅस बंद होता आणि ओट्यापाशी कुणी नव्हतं, हेच नशीब. ते तुकडे पुढे महिनाभर सापडत होते, कधी डब्यांमागे, कधी खिडकीच्या खाचेत. एक तर मिसळणाच्या डब्यात निघाला, मोहरीच्या वाटीत.

फराळ थांबणार नव्हता. त्याच संध्याकाळी मेनरोडवरून दोन बर्नरची साधी स्टीलची शेगडी आणली, २,४०० रुपयांची, आणि चकल्या-करंज्या तिच्यावर झाल्या.

इंडक्शन बरेच दिवस माझ्या मनात होतं. नाशिकच्या इंदिरानगरातला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, इमारत २००४ सालची, स्वयंपाकघर पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर ओट्यापाशी उभं राहवत नाही आणि पंखा लावला की गॅस फडफडतो. घरात एक जुनी सुटी इंडक्शन शेगडी होती, चहा-मॅगीपुरती. तिच्यावर दूध मात्र कधी धड तापलं नाही, दरवेळी तळाला धरायचं. म्हणून ठरवलं, घ्यायची तर चांगली घ्यायची, ओट्यात बसणारी, चार चुलींची. ‘चांगली’ म्हणजे नक्की काय, हे कळून ती घरात लागेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. या चार महिन्यांत जे खाचखळगे लागले ते इथे लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचा प्रश्न एकच होता, “पुन्हा काचच?”

त्यासाठी मी थोडं वाचलं. फुटली ती टफन्ड काच. ती बनवतानाच तिच्यात ताण साठवलेला असतो, त्यामुळे कडेला टवका गेला किंवा खोल चरा पडला की कधीतरी ती एकदम भुगा होते. इंडक्शनच्या वर असते ती ग्लास-सिरॅमिक. ती तापली तरी जवळपास फुगत नाही, त्यामुळे तापल्या जागी गार पाणी सांडलं तरी तडकत नाही. वरून खलबत्ता पडला तर मात्र तिचंही काही खरं नाही. हे सगळं मी आईंना समजावून सांगितलं. “म्हणजे काचच,” त्या म्हणाल्या आणि विषय तिथे संपला.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, पेसमेकर आहे आणि पहाटे साडेपाचचा चहा ते स्वतः करतात. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडात वीज फिरते आणि भांडंच तापतं. हे क्षेत्र आणि पेसमेकर एका घरात नांदतील का, हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नव्हता. बाबांच्या नेहमीच्या तपासणीला मी सोबत गेले आणि डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण नियम घालून दिला. पेसमेकर आणि चालू चूल यांत कमीत कमी दोन फूट अंतर हवं. चुलीवर ओणवं व्हायचं नाही. आणि भांडं चुलीच्या वर्तुळाएवढं, मधोमध ठेवलेलं हवं, कारण भांडं छोटं असलं की क्षेत्र बाजूने बाहेर येतं. घरी येऊन बाबांना ओट्यापाशी उभं केलं आणि शिवणकामाच्या टेपने मोजलं. पुढच्या चुलीपासून छातीपर्यंत जेमतेम सव्वा फूट. मागची चूल वापरायची तर वाकावं लागणार. म्हणजे बाबांचा चहा गॅसवरच राहणार होता. मेनरोडची ती स्टीलची शेगडी भंगारात जाता जाता वाचली. आमचा ओटा एलच्या आकाराचा आहे, त्याच्या आखूड बाजूला तिची कायमची जागा ठरली. तुमच्या घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, दुकानात नंतर जा.

९ नोव्हेंबरला आम्ही दोघं गंगापूर रोडवरच्या एका किचन शोरूममध्ये गेलो. ओळीने मांडलेल्या काळ्या काचा, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. ४५ हजारांपासून दीड लाखापर्यंत. विक्रेत्या मुलाने बूस्टर, म्हणजे थोड्या वेळापुरती जास्तीत जास्त आच, लावून मिनिट-दीड मिनिटात पाणी उकळून दाखवलं, मग भांड्याखाली पाचशेची नोट ठेवून ती जळत नाही हेही दाखवलं. नवरा खूश. मी विचारलं, “दूध तापवून दाखवता का?”

“मॅडम, दूध नाहीये इथे.”

“मग पुढच्या शनिवारी आम्हीच घेऊन येतो.”

नवऱ्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पण १६ तारखेला मी खरंच एक लिटर दूध, चुंबक चिकटणारं एक पातेलं आणि तशीच पसरट कढई पिशवीत घालून नेली, कारण ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच भांडं इंडक्शनवर तापतं. निवडीचं खरं काम त्या तासाभरात झालं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कढईत बोटाच्या पेराच्याही कमी, अगदी पातळ थर होईल एवढं पाणी घातलं आणि मधल्या आचेवर ठेवलं. पहिले बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. ते कडं करून येतात, आणि साधारण तेवढीच खालची तार असते. एका शेगडीवर छापलेलं वर्तुळ २१ सेंटिमीटरचं आणि बुडबुड्यांचं कडं पट्टीने मोजलं तर १५. अशा चुलीवर मोठ्या तव्यावर पोळी मध्ये करपणार आणि कड कच्ची राहणार. जिचं कडं वर्तुळाच्या कडेपर्यंत पोचलं तिच्यावर मी मनात खूण केली.

मग दूध. आच सर्वांत खालच्या दुसऱ्या आकड्यावर. स्वस्त शेगड्या कमी आच देतात म्हणजे पूर्ण आच थोडा वेळ देतात आणि थोडा वेळ बंद होतात. कडेने दूध पाच-सहा सेकंद खदखदतं, मग मेल्यासारखं गप्प, मग पुन्हा खदखद. आमच्या जुन्या शेगडीवर दूध का धरायचं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिथली ४८ हजारांची एक शेगडीही हेच करत होती. शेजारची, तिच्याहून बरीच महाग, त्याच आकड्यावर एकसारखी बारीक शिजत होती, बासुंदी आटवावी तशी. पैसे मोजायचे ते यासाठी. बूस्टर किती वॅटचा, चुलीला किती प्रोग्रॅम, फोनला जोडता येते का, हे मी त्यानंतर विचारणं सोडलं. महाग असेल ती असंच करेल याचीही खात्री नाही हं, प्रत्येक मॉडेलवर स्वतः करून बघा. विक्रेत्या मुलाने शेवटी आम्हाला त्याच दुधाचा चहा करून पाजला.

दोन गोष्टी मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बऱ्याच चार चुलींच्या शेगड्यांत एका बाजूच्या दोन चुली एकाच पॉवर मॉड्यूलवर असतात, म्हणजे दोघींत मिळून वीज वाटली जाते. पुढची बूस्टरवर टाकली की मागची आपोआप मंदावते. म्हणजे कुकर एका बाजूला आणि तवा दुसऱ्या बाजूला ठेवायचा. दुसरं म्हणजे चुलीला भांडं ‘दिसायला’ बुडाचा किमान व्यास लागतो, छोट्या चुलीला साधारण १० ते १२ सेंटिमीटर. फोडणीचं कढलं तिला दिसतच नाही. नुसती टिवटिव करते आणि बंद होते.

सेवेचंही विचारा. मी कंपन्यांच्या ग्राहकसेवेला फोन करून फक्त पिनकोड सांगत होते आणि विचारत होते की तंत्रज्ञ नाशिकचा येणार की बाहेरून. सर्वांत देखणी शेगडी याच प्रश्नावर बाद झाली. तिचा माणूस मुंबईहून येणार होता, ‘दोन-तीन फोन जमले की’.

रविवारी, १७ नोव्हेंबरला, ओळखीचे वायरमनदादा घर बघायला आले. मला वाटलं होतं पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर काम होईल. त्यांनी शेगडीच्या माहितीपत्रकावर बोट ठेवलं, ७.२ किलोवॅट. मग मोबाइलवर २३० ने भागून दाखवलं, ३१ अँपिअर. “वहिनी, हिला प्लगच नसतो. डीबीतून थेट सहाची वायर, ३२चा एमसीबी आणि ओट्याजवळ डबल पोलचा स्विच.” सहाची म्हणजे सहा चौरस मिलिमीटर, तांब्याची. डीबी म्हणजे घरातली स्विचांची मुख्य पेटी, एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि डबल पोलचा स्विच दोन्ही तारा एकदम तोडतो. मग ते खाली मीटरच्या खोलीत गेले आणि चेहरा पाडूनच वर आले. मीटरपासून आमच्या घरापर्यंतची वायर चारची होती, वीस वर्षांची. “हिच्यावर गीझर आणि एसी मिळून चाललाय तेच खूप झालं. शेगडी लावाल तर वायर आधी तापेल, दूध मागून.” मेनमध्ये दहाची वायर ओढायची असं ठरलं.

आणि वीजबिल. त्यावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, मी तो अकरा वर्षांत कधी वाचला नव्हता. आमचा ३ किलोवॅट.

शेगडीपेक्षा कागदांनाच जास्त दिवस लागले आणि त्यात चूक सर्वस्वी आमची. भार वाढवायला अर्ज ज्याच्या नावाने जोडणी आहे त्याचा लागतो. आमच्या बिलावर अजून आधीच्या मालकांचं नाव होतं. फ्लॅट घेतल्यावर करायचं काम ‘करू नंतर’ म्हणत राहिलेलं. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यामुळे त्या आठवड्यात कुठल्याच कार्यालयात जायचं नाही असं आम्हीच ठरवलं. २५ तारखेला महावितरणच्या संकेतस्थळावरून नावबदलाचा अर्ज भरला. सोबत इंडेक्स-२ (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं ना-हरकत पत्र, आधार आणि शेवटचं भरलेलं बिल. इंडेक्स-२ मी मोबाइलने फोटो काढून चढवला होता, तो पुसट म्हणून परत आला. झेरॉक्सच्या दुकानातून नीट स्कॅन करून पुन्हा टाकला. १७ डिसेंबरला नाव बदलल्याचा मेसेज आला.

१९ डिसेंबरला भार वाढवायचा अर्ज केला. किती मागायचा यावर वायरमनदादांबरोबर चर्चा झाली होती. थ्री-फेज घेतलं तर दरमहाचा स्थिर आकार सिंगल-फेजपेक्षा बराच जास्त पडतो, आणि तीन फेज आणायचे तर मीटरपासून सगळंच बदलायचं. त्याऐवजी त्यांनी एक युक्ती सांगितली. चांगल्या शेगड्यांत एकूण वीज बांधून ठेवायची सोय असते, बसवताना तंत्रज्ञ ती लावून देतो. शेगडी ७.२ची असली तरी ४.५वर बांधायची. साडेचार शेगडीचे, दोन गीझरचे, दीड एसीचा, असे झाले आठ. म्हणून सिंगल-फेजवरच ८ किलोवॅट मागितले. मला शंका होती की बांधून ठेवली तर महागडी शेगडी घेऊन उपयोग काय. पण रोजचा हिशेब बघा. कुकरला अठराशे वॅट, तव्याला चौदाशे, भाजीच्या कढईला आठशे, सगळे एकदम चालू धरले तरी चार हजारच होतात. ३१ डिसेंबरला कोटेशन आलं, त्याच दिवशी ऑनलाइन भरलं. वायरमनदादांनी दिलेला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला. ९ जानेवारीला मंजुरी आली आणि फेब्रुवारीच्या बिलावर ८ छापून आले. शुल्क आणि वाढीव सुरक्षा ठेव धरून २,६०० रुपये गेले.

कागद फिरत होते तोवर डिसेंबरात मी भांड्यांच्या मागे लागले. फ्रिजवरचा कासवाचा चुंबक काढला आणि घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडली. एकतीस भांडी, चिकटलं नवांना. ॲल्युमिनियमचे दोन्ही कुकर बाद, हिंडालियमच्या कढया बाद, तांब्याच्या बुडाची पातेली बाद. स्टीलची एवढी पातेली का बाद, हे मला आधी कळेना. आपल्याकडचं जाड चांगलं स्टील बहुतेक १८-८ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) किंवा त्याच्या जातीचं असतं, त्याला चुंबक धरत नाही. इंडक्शनच्या भांड्यांत बुडाला वेगळ्या, चुंबक धरणाऱ्या स्टीलचा थर असतो.

कासव पर्समध्ये टाकून मी आणि आई भांडी बाजारात गेलो. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, आणि त्या गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंना जे चकाकतं त्यातलं एकही माझ्या शेगडीला चालणार नव्हतं. एका दुकानात मी पातेल्याच्या बुडाला कासव लावलं, ते घसरून खाली पडलं. दुकानदारकाकांचा चेहरा उजळला. “बघा ताई, चिकटलं नाही! एक नंबर माल!”

“काका, मला चिकटणारं हवंय.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “लोक चुंबक घेऊन येतात ते न चिकटणारं बघायला. चिकटलं की म्हणतात पत्रा दिला. आणि तुम्हाला चिकटणारंच पाहिजे?” मग इंडक्शनचं सांगितल्यावर त्यांनी पोटमाळ्यावरून ट्रायप्लायची, म्हणजे तीन थरांच्या भांड्यांची, खोकी उतरवली. तिथे पाच लिटरचा स्टीलचा कुकर, ट्रायप्लायची एक कढई, दोन पातेली आणि बिडाचा सपाट तवा घेतला, सगळे मिळून ११,३०० रुपये. लोखंडी तवा चुंबकाला चिकटतो म्हणून आहे तोच चालेल असं समजू नका. आपला घडवलेला तवा मध्ये खोलगट असतो, काचेला फक्त मधला भाग टेकतो आणि तेवढाच तापतो. जुन्या भांड्यांखाली ठेवायची लोखंडी चकतीही मिळते. काका स्वतःच म्हणाले, घेऊ नका. चकती तापणार, मग भांडं, आणि खालची काच उगाच भाजत राहणार.

जानेवारीत १८ आणि १९ तारखेला वायर ओढली. बावीस मीटर दहाची, जिन्याच्या कडेने पट्टीतून. सोसायटीची लेखी परवानगी आधी घेतली होती, तरी तळमजल्यावरच्या आजोबांनी दोनदा येऊन चौकशी केली. नवा आरसीसीबी (वीज गळली तर पुरवठा तोडणारा), सर्ज प्रोटेक्टर (दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा), मजुरी सगळं धरून २१,८०० रुपये. हा खर्च माझ्या मूळ अंदाजात शून्य होता. इमारत पंधरा-वीस वर्षांची असेल तर शोरूमच्या आधी वायरमनला बोलवा, आम्ही उलटं केलं.

शेगडी २५ जानेवारीला पक्की केली. प्रजासत्ताक दिनाच्या सवलती चालू होत्या. छापील किंमत ८४,९९०, सवलतीत ७०,५०० आणि वर सात भांड्यांचा संच फुकट. संच उचलून बघितला तर हलका, नको म्हटलं आणि त्याऐवजी दोन हजार कमी करून घेतले. ६८,५०० रुपये. मॉडेलचं नाव मुद्दामच देत नाही, दरवर्षी ती बदलतात आणि तुमच्या तव्याला कुठलं बसेल हे तुमचा तवाच सांगेल.

ग्रॅनाइट कापायला मिस्त्री ११ फेब्रुवारीला आले. त्यांनी शेगडी उचलून ओट्यावर उलटी ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवायला घेतली. मी दाराशीच होते म्हणून बरं. शेगडीची बाहेरची काच ५९२ बाय ५२२ मिलिमीटर, आणि कापायचं भोक ५६० बाय ४९०. बाहेरून आखून कापलं असतं तर शेगडी सरळ खालच्या ड्रॉवरमध्ये. पुस्तिकेतलं चित्र दाखवून त्यांच्याकडून नव्याने आखून घेतलं, चारही कोपरे गोलसर ठेवायला लावले. काटकोनात कापलं की त्याच कोपऱ्यातून दगडाला चीर जाते, हे ते स्वतःच म्हणाले. दीड तास कापणं आणि दोन दिवस धूळ पुसणं. झाकण लावलेल्या पोह्यांच्या डब्यातही काळी धूळ गेली होती.

१५ तारखेला तंत्रज्ञ आला, खाली वाकून बघितलं आणि बसवणार नाही म्हणाला. शेगडीचा पंखा खालून हवा घेतो, आमचा ड्रॉवर मागे भिंतीपर्यंत बंद होता. सुताराने ड्रॉवरची मागची फळी कापली, वर फट ठेवली. मिस्त्री आणि सुतार मिळून ४,३०० रुपये. तोवर आठवडाभर ती चकचकीत काच वीज नसताना ओट्यात बसून होती. आईंनी तिच्यावर टॉवेल अंथरला आणि मेथीची जुडी निवडायला घेतली. “जागा मात्र छान झाली,” म्हणाल्या.

२२ फेब्रुवारीला चालू झाली. पहिलं दूध आईंनीच ठेवलं आणि फोनवर बोलत बसल्या. उतू गेलेलं दूध बटणांवर आलं, शेगडीने तीन शिट्ट्या घातल्या आणि स्वतः बंद झाली. बर्नरची भोकं टाचणीने कोरायची नव्हती. कपड्याने एकदा पुसलं, झालं. काचेचं तेव्हापासून त्यांनी नाव काढलेलं नाही. पण ओल्या हाताने बटणं ऐकत नाहीत याचा राग कायम आहे, आणि तो रास्तच आहे. पीठ मळताना आच कमी करायची तर आधी हात धुवून पुसायचे, तोवर कढईतली भाजी थांबत नाही.

भाकरीला दोन आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी घाईत रिकामा लोखंडी तवा बूस्टरवर टाकला. मिनिटभरात ठाण असा आवाज आला आणि तव्याचं बूड वाकडं झालं. आता तो काचेवर भोवऱ्यासारखा फिरतो. बिडाचा तवा पाचवर चार मिनिटं, मग सातवर, असं केल्यावर बाजरीची भाकरी नीट भाजते. जाळावर टेकवून फुगवायची ती सोय नाही. आई भाकरी उलटून कापडाने कडेकडेने दाबतात, मग फुगते. त्यांच्या मते चव नव्वद टक्के. वांग्याचं भरीत, पापड आणि फोडणी स्टीलच्या शेगडीवरच.

ट्रायप्लायचं पातेलं मोठ्या आचेवर गुणगुणतं, ते दोषाचं लक्षण नाही. एक चूक मात्र टाळा, गुळाचा पाक सांडला तर ‘गार झाल्यावर पुसू’ म्हणू नका. साखर-गूळ गरम काचेवर आवळला की निघताना काचेचा पापुद्रा घेऊन येतो. तंत्रज्ञाने बजावलं होतं, म्हणून होळीला पुरण करताना सपाट पात्याची खरवडणी हाताशी ठेवली होती. १३ मार्चचं पुरण मात्र झकास झालं, तिसऱ्या आकड्यावर, खाली न लागता. आईंचं पितळी पातेलं त्या दिवशी पहिल्यांदाच फडताळात राहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी ते घासून पुसून पुन्हा जागेवर ठेवलं.

आता खर्च. स्टीलची शेगडी सोडून सगळं धरून १,०८,५०० रुपये झाले, त्यातले शेगडीचे ६८,५००. रोजच्या वापराचं सांगायचं तर लिटरभर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट लागतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांएवढी ऊर्जा असते. गॅसच्या जाळातली बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, इंडक्शनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात उतरते. माझ्या अंदाजाने एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनवरची १२५ ते १३० युनिटं. ८ एप्रिल २०२५पासून सिलिंडर ५० रुपयांनी वाढून साडेआठशेच्या घरात गेला, म्हणजे तेव्हा युनिटमागे साडेसहा रुपयांचा हिशेब. तुमच्या बिलावर तुम्हाला वरचं युनिट कितीला पडतं ते यापेक्षा कमी असेल तर फायदा, जास्त असेल तर तोटा. आमचं बिल मार्चात २१० वरून २८५ युनिटांवर गेलं. शंभराच्या वरचं युनिटच साडेसहापेक्षा महाग पडतं, म्हणजे बचत नव्हतीच. मेमध्ये एसी लागला आणि ३०० ची रेघ ओलांडली, तिथून पुढे दर आणखी चढतो. आमचा सिलिंडर आधी ३४ दिवस जायचा. फेब्रुवारीच्या शेवटी लावलेला जूनमध्ये संपला.

मेच्या अवकाळीत दोनदा तासन्‌तास वीज गेली, तेव्हा सगळा स्वयंपाक स्टीलच्या शेगडीवर. इन्व्हर्टरवर ही शेगडी चालत नाही, त्या आशेवर राहू नका.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बघायला आल्या. त्यांचंही तेच, शोरूममध्ये जाऊन आल्या आहेत, बूस्टरवर पाणी उकळलेलं पाहिलं आहे. मी त्यांना मीटरच्या खोलीत नेऊन त्यांची वायर दाखवली. तीही चारचीच. जाताना त्यांनी कासव मागून नेलं. अजून परत आलेलं नाही, फ्रिजवरचं दुधाचं बिल त्यामुळे सेलोटेपने चिकटवलंय.